विटाळ ठरवणारे कोण? ओगोनीच्या तेलवाहिन्या आणि पुराव्याची लढाई

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे ‘बाटले’ म्हणून सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याचे शुद्धीकरण केले. पाण्यात काय मिसळले होते? काहीच नाही. तरी विटाळ जाहीर झाला, कारण विटाळ ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

आता याच्या नेमका उलटा इतिहास पाहू. तिथे पाण्यात विष खरोखर होते, पण ते ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या हातात होता.

नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओगोनी हा अल्पसंख्य समाज राहतो. शेती आणि मासेमारी हे त्यांचे जगणे. १९५८ पासून त्यांच्या जमिनीतून तेल निघू लागले. शेल कंपनी आणि नायजेरियाचे सरकार श्रीमंत झाले. ओगोनींच्या वाट्याला शेतांमधून गेलेल्या वाहिन्या आणि त्यांची गळती आली. १९९० मध्ये त्यांनी आपल्या हक्कांची सनद मांडली. जानेवारी १९९३ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेलला तिथले उत्पादन थांबवावे लागले. पण १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने या चळवळीचे नेते, लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फासावर चढवले.

उत्पादन थांबले, पण वाहिन्या थांबल्या नाहीत. दुसरीकडचे तेल ओगोनींच्या गावांतूनच वाहत राहिले. २००८ मध्ये बोडो गावाजवळ जुनी वाहिनी दोनदा फुटली आणि तेल आठवडेच्या आठवडे खाडीत पसरत राहिले. पहिल्या गळतीत १,६४० पिंपे तेल सांडले, असे पाहणीच्या कागदावर नोंदले गेले. ही पाहणी नावाला ‘संयुक्त’ असते: कंपनी, सरकारी अधिकारी आणि गावकरी. पण वाहन कोणाचे, तज्ज्ञ कोणाचे, मोजमाप कोणाचे? कंपनीचे. नंतर अॅम्नेस्टीने गळतीची चित्रफीत स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेतली. त्यांचा अंदाज निघाला, दिवसाला १,४४० ते ४,३२० पिंपे! कागदावरचा एकूण आकडा वाहिनीने एक-दोन दिवसांतच ओकला असेल. लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिल्यावर आपला आकडा कमी होता हे शेलला मान्य करावे लागले आणि २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांची भरपाई कबूल करावी लागली.

जमिनीखालचे काय? तेल सांडले की वरचा डाग डोळ्यांना दिसतो. पण तेल मातीत झिरपते आणि भूजल लागले की त्यावर तरंगते. त्यातले बेंझिनसारखे कर्करोगकारक घटक पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. म्हणून वाहिनीपासून दूरची विहीरही बाधित होऊ शकते. वरची माती उलटीपालटी करून ‘साफ केली’ असे लिहून दिले, तरी खालचे विष तिथेच राहते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये हेच सिद्ध केले. त्यांनी मातीत ७८० ठिकाणी छिद्रे घेतली, भूजल तपासायला १४२ खास विहिरी खोदल्या, ४,००० हून जास्त नमुने तपासले. ४९ ठिकाणी तेल किमान पाच मीटर खोल उतरले होते. शेलच्या दप्तरी साफसफाई ‘पूर्ण’ झालेल्या १५ जागा तपासल्या, तर त्यांतल्या १० जागी प्रदूषण मर्यादेबाहेरच निघाले. निसिसिओकेन ओगाले येथे सरकारी कंपनीच्या वाहिनीजवळ भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा आठ सेंटिमीटरचा थर सापडला. तिथल्या विहिरींत बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होते. तेच पाणी लोक पीत होते.

या तपासणीचा खर्च शेलनेच दिला होता. तरी सत्य बाहेर आले, कारण नमुने कंपनीच्या हातात नव्हते.

ओगोनींचा प्रश्न जातीचा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्यांचा आवाज दाबता येतो त्यांच्याच पाण्यावर अन्याय होतो, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. महाडमध्ये पुराव्याशिवाय विटाळ ठरला आणि शुद्धीकरणाला वेळ लागला नाही. ओगोनीमध्ये पुराव्यांचा ढीग पडला, पण साफसफाईच्या मोहिमेचा औपचारिक आरंभ व्हायलाच २०१६ उजाडले.

महाडचा निकालही शेवटी पुराव्यावरच लागला, हे विसरू नका. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात सवर्ण हरले, कारण त्यांना आपली ‘अनादी काळापासूनची’ वहिवाट सिद्ध करता आली नाही. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला आणि खटलाही लढवला. दोन्ही पाय लागतात.

म्हणून कार्यकर्त्यांनो, मोर्चा काढाच, पण नमुना घ्यायलाही शिका. गळती कुठे झाली, कोणत्या तारखेला दिसली, तेल किती दिवस वाहिले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, चित्रफीत काढा. विहिरीचे पाणी कोणासमोर घेतले, बाटली कोणी सीलबंद केली, कोणत्या प्रयोगशाळेत दिली, याची नोंद ठेवा. वाहिनीच्या वरच्या अंगाची एक विहीरही तपासा, म्हणजे तुलना करता येईल. पाहणीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

‘शिका’ म्हणजे केवळ पदवी घ्या, असे नव्हे. आपल्या पाण्यात काय आहे, हे दुसऱ्याने ठरवायचे दिवस संपवणे म्हणजेही शिकणे.

जय भीम!