झारच्या डोईपट्टीची कुळकथा

सतराव्या शतकाच्या अखेरीस रशियात कर घरटी घेत. शेतकऱ्यांनी त्यावर सोपी तोड काढली आणि दोन-तीन कुटुंबे एकाच आवारात नांदू लागली. १७१० ची मोजणी हाती आली तेव्हा तीस वर्षांपूर्वीपेक्षा घरे घटलेली दिसली. स्वीडनशी युद्ध चालूच होते, फौज पोसायची होती. १७१८ मध्ये पीटर झारने हुकूम काढला की यापुढे घरे मोजू नका, माणसे मोजा. माणसे म्हणजे पुरुष, मग तो पाळण्यातला असो की जख्ख म्हातारा. सरदार आणि धर्मगुरू यांना माफी.

दर ठरवण्याची रीत पाहावी. फौजेचा वार्षिक खर्च सुमारे ४० लाख रुबल. त्याला मोजलेल्या डोक्यांनी भागले आणि माणशी ७४ कोपेक आले. कुणाला किती झेपेल, हे त्या भागाकारात कुठेच नव्हते. १७२४ पासून वसुली सुरू झाली आणि तीही जिल्ह्याजिल्ह्यांत तळ दिलेल्या लष्कराच्या देखरेखीखाली.

पैशापेक्षा मोठा घाव दुसरीकडेच बसला. खोलोप नावाच्या गुलामांचा वर्ग तोवर कराबाहेर होता आणि त्यांतले पुष्कळजण धनी वारला की सुटत. आता त्यांचीही नावे यादीत चढली आणि ते भूदासांत कायमचे मिसळले. भूदासांच्या कराची जबाबदारी जमीनदारावर आली, त्यामुळे त्याची पकड आणखी आवळली. लांब कामाला जायचे तर परवान्याचा कागद लागू लागला. आरमार उभारणारा, विज्ञान अकादमी स्थापणारा पीटर सुधारक म्हणून गौरवला जातो. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र त्याच्या सुधारणांतून ही बेडी आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

याद्या वर्षानुवर्षे तशाच राहत. १८५८ पर्यंत अशा दहाच मोजण्या झाल्या. मधल्या काळात मेलेल्याचा करही पुढच्या मोजणीपर्यंत भरावा लागे. कागदावर जिवंत असलेल्या अशा मेलेल्यांना विकत घेत फिरणारा माणूस गोगोलने १८४२ च्या 'मृत आत्मे' या कादंबरीत उभा केला.

१८६१ मध्ये भूदास मुक्त झाले, पट्टी तशीच राहिली. अर्थमंत्री बुंगे यांनी ती टप्प्याटप्प्याने उतरवली आणि १८८७ मध्ये युरोपीय रशियातून ती गेली. सायबेरियातला शेतकरी १८९९ पर्यंत ती भरत होता.