लक्ष्मीबाईंचे हसू

माझ्या आजोळी पुस्तके फार नव्हती. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात चारदोन पोथ्या, आणि त्यांच्यावर, पुठ्ठा निखळलेली, 'स्मृतिचित्रे'ची एक जुनी प्रत. सोवळे पाळणाऱ्या घरातल्या त्या कोनाड्यात एका ख्रिस्ती बाईचे पुस्तक कसे येऊन बसले, हे विचारण्याचे माझे तेव्हा वय नव्हते. दुपारची झाकपाक झाली की आजी ते घेऊन बसे आणि वाचता वाचता पदर तोंडाला लावून हसे. एकदा मी विचारले, "गोष्ट मजेची आहे का ग?"

"मजेची कसली?" आजी म्हणाली, "बाईचा जन्म निस्तरण्यात गेला. पण सांगते अशी, की हसू आवरत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "नवऱ्याला देव भेटला खरा; पण किंमत मोजली हिने."

पुढे इतिहासाचा नाद लागला, तेव्हा आजीचे हे वाक्य पुन्हापुन्हा आठवू लागले. धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकाला त्यात विजय दिसतो, दुसऱ्याला विश्वासघात. उंबरठ्याच्या आत जे माणूस मागे राहिले, त्याची जबानी मात्र दोन्हींकडे क्वचितच घेतलेली असते. लक्ष्मीबाई टिळकांनी ती आपण होऊन दिली, हे मराठीचे भाग्य.

नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. बुद्धी तीव्र, राग त्याहून तीव्र, हात सढळ आणि पाय भिरभिरे. नोकरी धरावी, सोडावी, असे चाललेले. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने, म्हणजे दीनांना आणि शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणाऱ्या त्या उपदेशाने, त्यांना झपाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या चरित्रात हा आनंदाचा दिवस आहे. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तो आकाश कोसळल्याचा दिवस होता. 1868 साली जन्मलेली, अकराव्या वर्षाच्या सुमारास उजवली गेलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिली. नवरा जिवंत, पण जातीच्या लेखी मेलेला. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला या स्थितीसाठी शब्दसुद्धा नव्हता. सुमारे पाच वर्षे हे असे चालले. टिळकांच्या निर्णयात तिचा कौल कोणी घेतला नव्हता, हे सत्य झाकून त्यांचा गौरव करणे मला जमत नाही. आणि गंमत अशी की लक्ष्मीबाईंनाही ते जमले नाही. आपला आक्रोश, आपला संताप त्यांनी जसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

शेवटी त्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. पण चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात! टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही; त्यांच्या उतावळ्या स्वभावाला एवढा धीर कुठून आला कोण जाणे. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनाने घेतले की ही जात देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे. तेथून सोवळे सुटले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे, तर आपल्या पायांनी, आपल्या चालीने त्या तेथवर आल्या.

आल्या तो काळ सुखाचा नव्हता. 1896 पासून मुंबई इलाख्यात प्लेग शिरला होता. 1896-97 चा दुष्काळ सरतो न सरतो तोच 1899-1900 चा त्याहून भीषण दुष्काळ पडला. नगर जिल्हा आधीच पर्जन्यछायेतला. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रमांत दाटून राहिली, आणि टिळकांचे घरही अशा पोरक्या पोरांनी भरले. टिळकांनी माणसे आणावीत आणि हातातले पैसे देऊन टाकावेत. त्यांच्या ताटात काय वाढायचे हे लक्ष्मीबाईंनी पाहावे. त्याच घरात पुढे बालकवी ठोंबरे येऊन राहिले, आणि ख्रिस्ती घरातल्या त्या ब्राह्मण पोराला लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे सांभाळले.

याच वर्षांत टिळक गात होते. मराठी ख्रिस्ती मंडळींत तोवर पुष्कळशी गाणी परक्या चालींवर बेतलेली असत. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी रचनेची वाट आधी पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. अभंग, ओवी, टाळ, मृदंग, कीर्तन हे सारे त्यांनी येशूच्या चरणी आणून ठेवले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. उपाशी, पोरक्या माणसांच्या मेळाव्यात आपल्याच मातीच्या चालीवरचे भजन उठले, तेव्हा त्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण गाणाऱ्याचा आनंद आणि रांधणारीचा आनंद यांत फरक असतो. टिळक गात, लक्ष्मीबाई हसत. हे हसू दुःख लपवणारे नव्हते. त्यांच्या वडिलांचे सोवळे पाहा. मीठ, गूळ, धान्य, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट वाचताना हसून पुरेवाट होते. पण या वेडाच्या मुळाशी सत्तावनच्या धामधुमीत फासावर गेलेले लक्ष्मीबाईंचे आजोबा आहेत, हेही त्या सांगतात. हसता हसता वाचक एकदम त्या फासापाशी येऊन उभा राहतो, आणि वडिलांची कीव येते. त्या आधी स्वतःला हसतात, मग टिळकांना. दुबळ्याला त्या कधीच हसत नाहीत. श्रद्धेने दिलेला आनंद खरा की उसना, हे ओळखायला याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ज्या बाईला त्यांनी कधी काळी न विचारता वाऱ्यावर सोडले होते, तिनेच पुढचे चौसष्ट अध्याय रचले! ग्रंथ 1938 साली छापून निघाला, तेव्हा त्याही नव्हत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनी डोळे मिटले होते. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आता आजीच्या त्या वाक्याकडे वळतो. किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे खरेच. त्यांनी जमाखर्चही चोख मांडला. एक पै दडवली नाही. पण वही हातात घेऊन त्या वसुलीला निघाल्या नाहीत. ख्रिस्ती माणसे ज्याला साक्ष म्हणतात, ती बहुधा व्यासपीठावरून दिली जाते. ही चुलीपाशी बसून दिलेली आहे. म्हणूनच ती माझ्या आजीच्या कोनाड्यापर्यंत पोचली, आणि पोथ्यांच्या वर बसली तरी कोणी तिला तेथून उठवले नाही. आजीने धर्म बदलला नाही. तिचे सोवळेही बरेचसे शेवटपर्यंत टिकले. पण दुपारी पदर तोंडाला लावून ती हसे, तेव्हा त्या दोघी बायकांचे एकमेकींशी काही तरी बोलणे चालले आहे, असे मला वाटे.

ती प्रत आता माझ्याकडे आहे. पुठ्ठा मी नवा घातला आहे.