अडुळसा : कुंपणाचे झुडूप

अडुळसा (सं. वासा, वासक, लॅ. जस्टिशिया अधातोडा, कुल – अकँथेसी). भारतीय उपखंडातील सदाहरित झुडूप. शास्त्रीय नाव लिनीयसने १७५३ मध्ये दिले. उंची १ ते २.५ मी.; पाने समोरासमोर, लांबट, टोकदार, १० ते १५ सेंमी. लांब. पान चुरगळले की उग्र वास येतो.

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत बंगल्याला किंवा सोसायटीला हिरवे कुंपण करायचे, तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो. वर्षाचा सुमारे ७०० मिमी. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरातच पडतो, मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि जायकवाडीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते. अडुळसा एकदा मुळावला की एवढ्यावर तग धरतो. शिवाय पाला कडू असल्याने शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

लागवड फाटे कलमाने, पावसाच्या तोंडावर. जून फांदीचे १५ ते २० सेंमी. लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घेऊन दोन डोळे मातीत जातील असे लावतात. कुंपणासाठी दोन झाडांत ३० ते ४५ सेंमी. अंतर पुरते. काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळे कुजतात. म्हणून चरात मुरूम आणि शेणखत मिसळतात. पहिला उन्हाळा मात्र पाणी देऊनच काढावा लागतो.

शेंडे खुडत राहिले की झुडूप खालपासून भरते. बुंधा उघडा पडलाच, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला गुडघ्याएवढे ठेवून छाटतात. नवे फुटवे येतात.

फुले हिवाळ्यात, फांद्यांच्या टोकांकडील कणसांवर. त्यामुळे बारमाही कात्री चालणाऱ्या कुंपणाला फुले जवळजवळ येतच नाहीत. ती हवी असतील तर ऑक्टोबरपासून छाटणी थांबवतात. फूल पांढरे, दोन ओठांचे. खालच्या ओठावर जांभळट रेघा. त्या ओठावर मधमाशी टेकली की वरच्या ओठाखालचे पुंकेसर तिच्या पाठीला लागतात.

पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडावरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले. खोकल्यावर पानांचा रस मधातून देण्याची घरगुती रीत जुनीच आहे; पण व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावत असल्याने गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत.