जलशीतित संगणकासाठी पंपाची निवड

संगणकातील प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता शोषून ती रेडिएटरपर्यंत नेणारे पाणी सतत फिरते ठेवण्यासाठी जो छोटा केंद्रोत्सारी पंप वापरतात, त्याची निवड प्रवाहदर, दाब, आवाज आणि टिकाऊपणा या चार बाबींवर अवलंबून असते. पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवू शकतो, त्या मापाला हेड म्हणतात. विहिरीवरच्या मोटरीसाठी हे माप पाण्याच्या प्रत्यक्ष चढाशी जोडलेले असते. संगणकातील बंदिस्त मार्गात मात्र वर चढणाऱ्या पाण्याचे वजन खाली उतरणारे पाणी तोलून धरते, त्यामुळे मार्ग एकदा पूर्ण भरला की कॅबिनेटची उंची गौण ठरते आणि पंपाला केवळ नळ्या, जोड, रेडिएटर व प्रोसेसरसारख्या भागांवर बसवलेल्या वॉटर ब्लॉकमधील बारीक खाचा यांच्या घर्षणावर मात करावी लागते.

खोक्यावर छापलेला कमाल प्रवाह अडथळा शून्य असतानाचा आणि कमाल हेड प्रवाह शून्य असतानाचे असल्याने ही दोन्ही मूल्ये एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पंपाचा आलेख आणि मार्गाच्या अवरोधाचा आलेख जेथे छेदतात, तोच प्रत्यक्ष कार्यबिंदू होय. अवरोध साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब जवळजवळ चौपट लागतो. याउलट ताशी 200 लिटर प्रवाहातही 500 वॉट उष्णतेने पाण्याचे तापमान एका फेरीत जेमतेम 2 अंश सेल्सियसने वाढते. त्यापुढे प्रवाह वाढवून होणारा लाभ किरकोळ असतो, आवाज मात्र जाणवण्याइतका वाढतो. म्हणूनच सर्वांत ताकदवान पंप निवडून तो पूर्ण वेगाने चालवणे हा बहुधा खर्चिक गैरसमजच ठरतो.

प्रारंभीच्या काळात हौशी मंडळी मत्स्यालयाचे, घरगुती विजेवर चालणारे पंप वापरत. पुढे लाइंग कंपनीचे 12 व्होल्टवर चालणारे डी5 व डीडीसी हे पंप रूढ झाले आणि अनेक विक्रेते तेच वेगवेगळ्या नावांनी विकतात. डी5चा कमाल प्रवाह ताशी सुमारे 1,500 लिटर व हेड सुमारे 4 मीटर असते. त्याचा फिरता भाग एका सिरॅमिक गोलकावर टेकलेला असतो, त्याला बाहेर येणारा दांडा नसल्याने दांड्याच्या सीलमधून गळतीचा प्रश्न येत नाही. डीडीसीच्या 18 वॉटच्या प्रकाराचा कमाल प्रवाह ताशी सुमारे 1,000 लिटर, पण हेड 5 मीटरांहून थोडे अधिक असते. त्यामुळे जास्त अवरोधाच्या, दाटीवाटीच्या मांडणीस तो मानवतो. मात्र त्याचा तळ बराच तापतो, म्हणून तेथे हवा खेळती ठेवावी लागते.

दोन्ही पंपांत धारव्याला (बेअरिंगला) वंगण फिरत्या पाण्याचेच मिळते. कोरडा चालवलेला पंप म्हणूनच थोड्या वेळात निकामी होऊ शकतो. पाणी भरताना टाकी पंपाच्या वर ठेवावी, संगणकाचे इतर भाग बंद ठेवून फक्त पंप थांबवत-थांबवत चालवावा आणि मार्गातील हवा बाहेर पडू द्यावी. अडकलेले बुडबुडे पंपाच्या फिरत्या पात्यांवर (इंपेलरवर) खडखडतात आणि नवशिक्यांना पंप सदोष असल्याचा भास होतो. पंपाची स्वतःची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरू नये म्हणून खाली रबर किंवा स्पंज घालतात. अखंड चालणाऱ्या यंत्रांत कधी दोन पंप एकामागोमाग जोडतात, कारण त्यांचे दाब एकमेकांत मिळतातच, शिवाय एक बंद पडला तरी दुसरा कमी प्रवाहाने का होईना, पाणी फिरते ठेवतो.