वॉरिकची वारसदारीण

इंग्लंडमधील पंधराव्या शतकाच्या यादवीत 'राजे घडविणारा' म्हणून गाजलेला वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल सर्वांस ठाऊक आहे. परंतु वॉरिकची अर्लपदवी त्याच्या कुळातील नव्हती. ती त्यास पत्नीमुळे लाभली होती.

मूळ घराणे बीचम. १४४६ साली हेन्री बीचम एकविसाव्या वर्षी वारला आणि १४४९ मध्ये त्याची अजाण कन्याही गेली. मागे उरल्या हेन्रीच्या चार बहिणी. तिघी थोरल्या, पण सावत्र. धाकटी अ‍ॅन तेवढी सख्खी. इंग्रजी कायदा अशा वेळी सख्ख्या रक्तास अग्रमान देई. मराठी माणसास हा भेद उलगडून सांगावयास नको! पदवी अ‍ॅनकडे, म्हणजे तिच्या पतीकडे, आली. सावत्र बहिणींपैकी एकीचा पती सॉमरसेटचा ड्यूक होता. १४५५ साली सेंट ऑल्बन्सच्या लढाईत तो पडला, तेव्हा समोरच्या फळीत नेव्हिल उभा होता.

१४७१ साली बार्नेटच्या रणांगणावर नेव्हिलही मारला गेला. त्याच्या दोन मुली राजाच्या दोघा भावांच्या घरी पडल्या. इझाबेल क्लॅरन्सकडे, धाकटी अ‍ॅन ग्लॉस्टरकडे. दोघांनाही सासुरवाडीची दौलत हवी होती. अडचण एकच: दौलत सासूची, आणि सासू हयात! ब्यूली मठाच्या आश्रयास राहिलेल्या त्या विधवेने राजाकडे दाद मागितली. लेखनिक नसल्यामुळे तिने पत्रे स्वहस्ते लिहिली. उपयोग झाला नाही. १४७४ साली पार्लमेंटने कायदा करून, ती जणू निसर्गक्रमाने मृत झाली आहे असे मानले आणि दौलत जावयांत वाटून दिली.

दोन्ही मुली आईच्या आधी गेल्या. क्लॅरन्सला राजद्रोहाबद्दल १४७८ मध्ये देहान्त शासन झाले. ग्लॉस्टर राजा झाला आणि १४८५ साली रणात पडला. नवा राजा सातवा हेन्री. त्याच्या पार्लमेंटने १४८७ मध्ये म्हातारीची दौलत तिला परत केली. हे औदार्य फसवे होते. थोड्याच अवधीत तिने ती सारी राजाच्या स्वाधीन केली, आणि तिचा नातू, क्लॅरन्सचा पुत्र एडवर्ड, वारशास मुकला. तो लहानपणापासूनच लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. आजी १४९२ साली निवर्तली. चोवीस वर्षांच्या एडवर्डचा २८ नोव्हेंबर १४९९ रोजी शिरच्छेद झाला.