सोडा ॲश (बर्फ-रंगाईतील)

सुती कापडावर बर्फाच्या साहाय्याने विक्रियाशील रंग [→ रंजक] पक्के करण्यासाठी वापरले जाणारे निर्जल सोडियम कार्बोनेट. विक्रियाशील रंग इंग्लंडमधील आयसीआय कंपनीने 1956 मध्ये ‘प्रोसिऑन’ या नावाने बाजारात आणले. घरगुती बर्फ-रंगाई या रंगांच्याच एमएक्स प्रकारावर चालते. सोडा ॲश स्वतः रंग देत नाही. त्याच्या अल्कतेमुळे सेल्युलोजमधील हायड्रॉक्सिल गट आयनीभूत होतात व रंगाच्या रेणूशी सहसंयुजी बंध जोडतात. म्हणून रंग धुण्याने जात नाही. कापड लिटरला सुमारे 60 ग्रॅम सोडा ॲशच्या द्रावणात 15–20 मिनिटे भिजवून पिळतात, वर बर्फ पसरून कोरडी रंगपूड भुरभुरतात. बर्फ वितळताना मिश्ररंगातील घटक वेगवेगळ्या गतीने पसरून सुटे होतात. थंडीत विक्रिया मंदावते, त्यामुळे कापड साधारण 24 तास ओले ठेवतात. सोडा ॲशऐवजी धुण्याचा सोडा वापरल्यास, तो स्फटिकजलयुक्त असल्याने वजनाने सुमारे 2.7 पट लागतो. खाण्याचा सोडा [→ सोडियम बायकार्बोनेट] सौम्य असल्याने या कामी अपुरा. पॉलिएस्टरवर ही पद्धत निरुपयोगी. लोकरीला अल्क अपायकारक. द्रावण त्वचेस दाहक असल्याने हातमोजे आवश्यक.