बाबासाहेब आणि नवल भथेना

आम्हां गिरणी कामगारांना दोस्ती कळते ती डबा उघडल्यावर. कोण कुणाच्या डब्यातला घास घेतो, त्यावर सारं ठरतं. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातला नवल भथेना आम्हांला मोठा वाटतो.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात हा पारशी विद्यार्थी त्यांचा खोलीसोबती झाला. सुभेदार रामजींचा मुलगा अन् हा पारशी! धर्म वेगळा, घरची बोली वेगळी. एका छपराखाली राहिले आणि जन्माचे मित्र झाले. मुंबईत हे जमलं असतं का? आम्हांला शंकाच आहे.

कारण १९१७ साली बडोद्यात काय घडलं? तिथल्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेब पारशी नाव लावून राहिले होते. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे! संध्याकाळच्या आत जागा सोडा म्हणाले. मुंबईच्या गाडीची वेळ होईस्तोवर बाबासाहेब बागेत बसून राहिले.

नवलवर मात्र त्यांनी हा राग काढला नाही. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला निघाले, तेव्हा साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती. कमी पडले ते ५,००० रुपये नवलने उसने दिले.